हिरव्या केळ्याचे श्रेय

आमच्या एका स्नेह्यांस मधुमेह असल्याचे गेल्या वर्षी निदान झाले. गृहस्थ निवृत्त वकील. त्यामुळे त्यांनी रोगाचाही खटल्याप्रमाणे अभ्यास आरंभिला, आणि महिन्याभरात त्यांच्या स्वयंपाकघरात हिरव्या केळ्याच्या पिठाचा एक डबा दाखल झाला. डब्यावरील मजकुराप्रमाणे या पिठातील पिष्ट पचत नाही, म्हणून ते रक्तातील साखर वाढवीत नाही, आणि आतड्यांस मात्र अमृतवत् होते. डबा बराच महाग होता. त्या पिठाची गरम गरम धिरडी आमच्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "तुम्ही इतिहासवाले. हे शास्त्र नवे की जुनेच, ते सांगा." त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे काही महिने त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचनात आले, त्यातून एका फळाचा असा काही इतिहास हाती लागला की तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

कच्चे केळे पोटास बाधते, हे ज्ञान आमच्याकडे कोणी पुस्तकातून मिळविलेले नाही. परसातील घड उतरवून पेंढ्यात दडपून ठेवावा, तो पिवळा होईपर्यंत मुलांनी त्यास हात लावू नये, आणि लावलाच तर रात्री पोट धरून बसावे, असा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला. भावप्रकाशासारख्या निघंटूनेही केळ्यास गुरु व विष्टंभी म्हणून नोंदिले आहे. कच्च्या केळ्याची भाजी आपल्याकडे होते, त्याचे वेफर तळले जातात. परंतु फळ आणि पोट यांच्यामध्ये प्रत्येक वेळी अग्नी असतो. पश्चिमेकडील वैद्यांचे मतही काही निराळे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य अमेरिकेतून जहाजे भरभरून केळी न्यूयॉर्क-बॉस्टनकडे जाऊ लागली, तेव्हा या नव्या फळाची रीतभात ठाऊक नसलेले तेथील लोक ते अर्धेकच्चे खात आणि मग अपचनाचा दोष फळास देत. १९४४ साली युनायटेड फ्रूट कंपनीने 'चिकिटा' नावाची एक नाचरी, गाती केळे-सुंदरी जाहिरातीत आणली. तिच्या गाण्याचा मुख्य उपदेश हाच की, सालीवर तपकिरी ठिपके उमटल्याशिवाय केळे खाऊ नये. कंपनीचा हेतू अर्थातच धंद्याचा होता. पण धंद्यासाठी केलेला उपदेश प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही.

हा उपदेश का बरोबर होता हे समजण्यासाठी थोडे फळाच्या अंतरंगात शिरले पाहिजे. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पिष्ट असते, म्हणजे इंग्रजीत ज्यास स्टार्च म्हणतात ते. फळ पिकू लागले की त्याच्यातील विकरे या पिष्टाची साखर करू लागतात, आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात शेकडा एकदोन भागच पिष्ट उरते. पिकणे म्हणजे एका अर्थी झाडाने आपल्या घरीच उरकून ठेवलेले पचन होय. जे हिरवे आहे त्यातील पिष्ट सूक्ष्म कणांच्या रूपाने असते, आणि केळ्याचे हे कण इतके घट्ट बांधणीचे असतात की आपल्या पोटातील पाचकरसांना त्यांत सहजी शिरकाव मिळत नाही. कण तसेच लहान आतडे ओलांडून मोठ्या आतड्यात जातात. तेच केळे पाण्यात शिजविले की कण फुगतात, फुटतात, आणि एरवी बंद असलेले दार पाचकरसांस उघडे होते. शिजविलेले निवू दिले तर काही धागे पुन्हा एकमेकांत गुंततात व दार थोडेसे लागते; शिळ्या भातातही हाच प्रकार अल्प प्रमाणात होतो. तेव्हा हिरवे, शिजलेले, निवलेले आणि पिकलेले ही पोटाच्या दृष्टीने चार निरनिराळी अन्ने आहेत. पाचकरसांना दाद न देणाऱ्या या पिष्टास इंग्रजीत 'रेझिस्टंट स्टार्च' असे नाव आहे. आम्ही येथे त्यास चिवट पिष्ट म्हणू.

आता न्यूयॉर्कमधील एका बालरोगचिकित्सकाकडे वळावयाचे आहे. लहान मुलांस जडणारा 'सीलिॲक' नावाचा एक विकार आहे. मूल खाते, पण अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात, शौचास पातळ, फिकट व दुर्गंधियुक्त होते. १८८८ साली लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी याचे उत्तम वर्णन केले आणि हा रोग बरा झालाच तर तो पथ्यानेच होईल, असे भाकीत लिहून ठेविले. मात्र पथ्य कोणते हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांच्या एका लहान रोग्यास म्हणे डच शिंपल्या मानवल्या! पुढील पस्तीस-चाळीस वर्षे डॉक्टर चाचपडत राहिले आणि मुले मरत राहिली.

१९२४ साली डॉ. सिडनी हास यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दहा मुलांची हकीकत होती. आठांस त्यांनी पिकलेली केळी भरपूर खाऊ घातली; ती सर्व सुधारली. दोघांस तो उपचार मिळाला नाही. ती दोन्ही दगावली. ज्या घरात असे मूल अंथरुणाला खिळून होते, त्या घरातील आईबापांस हा निबंध म्हणजे काय वाटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढील पंचवीस वर्षे अमेरिकेत सीलिॲकचा उपचार म्हणजे केळी, हे समीकरण होऊन बसले.

हास यांच्या पथ्यात केळी होती. त्याखेरीज दूध, ताजे चीज, मांस, काही भाज्या असे जिन्नस होते. आणि काय नव्हते? पाव नव्हता, बिस्किटे नव्हती, बटाटे नव्हते, कोणतेही धान्य नव्हते. मुलास पिष्ट पचत नाही, केळ्यातील पिष्ट मात्र पिकताना साखर होऊन जाते, म्हणून केळे चालते, अशी त्यांची विचारसरणी होती. आणि केळ्यापुरती ती खोटी नव्हती. त्यांनी पोर्टो रिको बेटावरील एक गोष्टही नमूद केली होती: शहरातील पाव खाणाऱ्या लोकांस स्प्रू नावाचा अतिसार होतो, खेड्यातील केळी खाणाऱ्या शेतकऱ्यांस होत नाही. हे वाक्य आज वाचले की वाचणारा जागच्या जागी थबकतो. उत्तर त्या वाक्यातच होते. पाव एका पारड्यात, केळी दुसऱ्यात; हास यांची दृष्टी केळ्याच्या पारड्याकडे गेली.

पावाकडे जी दृष्टी वळली ती हेग शहरातील ज्युलियाना बालरुग्णालयाचे डॉ. विलेम कारेल डिके यांची. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केल्यामुळे हॉलंडात अन्नान्नदशा झाली, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले, आणि त्या उपासमारीत सीलिॲकची मुले तेवढी सुधारली. पुढे पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. गोष्ट खोटी नाही, पण तिला नाटकाचा रंग जरा अधिकच चढला आहे. डिके यांचा गव्हावरील संशय युद्धापूर्वीचा होता, आणि गहू वर्ज्य केलेल्या पथ्याविषयी त्यांनी १९४१ सालीच लिहिले होते. दुष्काळाने त्यांस कल्पना दिली नाही, खात्री दिली. १९५० साली त्यांनी उट्रेख्ट येथे प्रबंध सादर केला, आणि १९५३ साली वाइअर्स व व्हान डी कामर या सहकाऱ्यांसह शौचातील स्निग्धांश मोजून सिद्ध केले की दोष गव्हाच्या पिष्टात नसून त्याच्यातील ग्लूटेन नामक चिकट प्रथिनात आहे.

म्हणजे, केळ्यांनी त्या आठ मुलांस बरे केले नव्हते. गव्हाच्या अभावाने केले होते. केळी केवळ त्या रिकाम्या जागी बसली होती. हा भेद शाब्दिक आहे असे कोणास वाटेल, तर तसे नाही. केळ्याने रोग बरा झाला असे मानले म्हणजे एक दिवस मूल बरे झाले असे ठरते, पथ्य सुटते आणि पाव परत येतो. हास यांचा विश्वास होता की मूल कायमचे बरे होते. अशी बरी झालेली मुले मोठेपणी पुन्हा त्याच रोगाच्या तोंडी गेली. हास यांनी १९५१ साली आपल्या मुलासह या रोगावर ग्रंथ लिहिला, आणि १९६४ साली देहावसान होईपर्यंत आपला पक्ष सोडला नाही. त्यांस दोष देणे आम्हांस जड जाते. ज्या माणसाने डोळ्यांदेखत आठ मुले उठून बसलेली पाहिली, त्याने त्यांच्या हातातील फळावर अविश्वास दाखवावा ही अपेक्षा सोपी नाही.

येथवर चिवट पिष्ट म्हणजे केळ्यातील खोड. ज्यात ते नाही ते केळे चांगले, असा निवाडा घरच्या आजीपासून युनायटेड फ्रूट कंपनीपर्यंत सर्वांचा एकच होता. हा निवाडा फिरण्यास आरंभ झाला तो युगांडात. तेथील कांपाला शहरी डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश शस्त्रवैद्य विसाव्या शतकाच्या मध्यास काम करीत असत. इंग्लंडात नित्य आढळणारे मोठ्या आतड्याचे विकार तेथील लोकांत क्वचितच दिसतात, हे त्यांस व त्यांचे ज्येष्ठ सहकारी ह्यू ट्रॉवेल यांस जाणवले, आणि इंग्लंडास परतल्यावर १९७० च्या सुमारास त्यांनी त्याचे श्रेय अन्नातील चोथ्यास दिले. चोथा खा, हा संदेश त्यांनी जन्मभर गाजविला. परंतु त्या भागातील मुख्य अन्न काय? मतोके, म्हणजे केळीच्याच पानात गुंडाळून वाफविलेली हिरवी केळी. केळ्यात चोथा काही फार नसतो. पिष्ट मात्र मुबलक असते.

पिष्ट सर्वच्या सर्व लहान आतड्यात पचते असे त्या वेळी पाठ्यपुस्तके सांगत. १९८१ साली अमेरिकेत मायकेल लेव्हिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या उच्छ्वासातील हायड्रोजन मोजून दाखविले की गव्हाच्या साध्या पावातीलही शेकडा १० ते २० भाग पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात उतरते. (हा वायू आपल्या पेशी करीत नाहीत, मोठ्या आतड्यातील जंतू करतात, म्हणून तो साक्षीदार म्हणून चालतो.) पुढच्याच वर्षी केंब्रिज येथील हान्स एंग्लिस्ट चोथा मोजण्याची नवी पद्धत बसवीत असता त्यांस विकरांना दाद न देणारे पिष्ट आढळले, आणि त्यांनी त्यास आज रूढ असलेले नाव दिले. मग १९८६ साली एंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी केळ्यास साक्षीस बोलाविले. शस्त्रक्रियेमुळे ज्यांचे लहान आतडे थेट पोटाबाहेर उघडते अशा माणसांस त्यांनी निरनिराळ्या पिकाईची केळी खाऊ घातली आणि बाहेर काय येते ते तोलले. सर्वांत कच्च्या केळ्यात सुक्या वजनाच्या शेकडा ३७ भाग पिष्ट होते, सर्वांत पिकलेल्यात ३. कच्च्या केळ्याचे बहुतेक पिष्ट जसे गेले तसे बाहेर आले. मोठ्या आतड्यास पोहोचणारे हे पिष्ट केळ्यातील चोथ्याच्या आठपटीपर्यंत असू शकते असा त्यांचा हिशेब निघाला. प्रयोग किळसवाणा वाटेल, पण त्याइतका नि:संदिग्ध पुरावा दुसऱ्या मार्गाने मिळाला नसता.

मोठ्या आतड्यात गेलेले पिष्ट वाया जात नाही. तेथील कोट्यवधी जंतू ते आंबवितात, आणि त्यापासून काही सौम्य आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे तेथील अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे, असे विल्यम रोडिगर यांनी १९८० साली दाखविले होते. ही आम्ले शोषली जाताना आपल्याबरोबर क्षार व पाणीही शरीरात ओढून घेतात. या शेवटच्या गुणाचा उपयोग हिंदुस्थानातच प्रथम झाला, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील रामकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीच्या रोग्यांस द्यावयाच्या क्षारजलात मक्याचे चिवट पिष्ट मिसळले. जुलाबाचे मान घटले व मुदतही कमी झाली. हे २००० सालचे.

पुढच्या वर्षी ढाक्क्याहून जी हकीकत प्रसिद्ध झाली, तीत मात्र केळे स्वतः होते. बंगालात आजाऱ्यास काँचकलेचे, म्हणजे हिरव्या केळ्याचे, कालवण देण्याची चाल जुनीच आहे. जेथे पटकीवर दीर्घकाळ संशोधन चालले आहे, त्या ढाक्क्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत रब्बानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाल काट्यावर घातली. पाच ते बारा महिन्यांचे ६२ मुलगे, सर्वांस चिघळलेला अतिसार. सर्वांस तांदळाची पेज. एका गटाच्या पेजेत शिजविलेले हिरवे केळे, दुसऱ्याच्या पेजेत पेक्टिन (फळांतील गोठविणारे द्रव्य), तिसऱ्यास नुसती पेज. तिसऱ्या दिवशी केळ्याच्या गटात शेकडा ५९ मुले बरी झाली होती, पेक्टिनच्या गटात ५५, नुसत्या पेजेच्या गटात १५. चौथ्या दिवशी ८२, ७८ आणि २३.

हास यांच्या निबंधाशी हा ताडून पाहावा. येथे सर्वांच्या ताटात पेज एकच आहे. वर्ज्य केलेले काही नाही. केळे घातले आणि न घातले एवढाच फरक. त्यामुळे यश आले ते केळ्याचेच, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तरीही ते सर्वस्वी चिवट पिष्टाचे, असे म्हणवत नाही. केळे शिजविलेले होते, म्हणजे पिष्टाचा चिवटपणा बराचसा गेलेला. आणि शेजारी पेक्टिननेही जवळजवळ तेवढेच काम केले, जे केळ्यातही असते. संशोधकांनी दोहोंचे कार्य त्या सौम्य आम्लांच्या द्वारे होते असे अनुमान केले. घरची चाल खरी ठरली. तिच्या आतील कारकून नेमका कोणता, ते अद्याप पुरते ठरावयाचे आहे.

अलीकडील एका वार्तेचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. लिंच नावाची एक आनुवंशिक प्रवृत्ती आहे, जीत कर्करोगाचा संभव फार असतो. न्यूकॅसलचे जॉन बर्न व जॉन मॅथर्स यांनी १९९९ ते २००५ या काळात अशा नऊशेंवर माणसांची विभागणी करून सुमारे निम्म्यांस दररोज ३० ग्रॅम चिवट पिष्ट दिले, सरासरी दोन वर्षे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर, ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, काहीही परिणाम दिसला नाही. २०२२ साली दीर्घकालीन निष्कर्ष आले, त्यांत इतर अवयवांचे कर्करोग मात्र कमी आढळले: पिष्ट घेणाऱ्या ४६३ जणांत २७, न घेणाऱ्या ४५५ जणांत ४८. बातमी मोठी होती, अनपेक्षित होती, आणि तिला दुसऱ्या प्रयोगाची जोड मिळणे अवश्य होते. परंतु मात्रा लोकांस समजावी म्हणून पत्रकात किंचित कच्च्या केळ्याचा दाखला आला होता. आणि मग किती तरी मथळ्यांतून हिरवे केळे कर्करोग टाळते अशी घोषणा झाली. त्या प्रयोगात केळे नव्हतेच. पिष्ट मक्याचे होते. १९२४ साली निदान केळे ताटात तरी होते!

राहता राहिला आमच्या स्नेह्यांचा डबा. युरोपीय संघाने २०१२ साली चिवट पिष्टाविषयी जो दावा छापण्यास अनुज्ञा दिली, त्याचे शब्द मोठे मोजके आहेत: पचणाऱ्या पिष्टाच्या जागी चिवट पिष्ट आले, आणि एकूण पिष्टात त्याचे प्रमाण शेकडा १४ तरी असले, तर जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. दोन पोळ्यांवर केळ्याचे पीठ अधिक घेतले तर काही साधत नाही. पोळी ताटातून गेली पाहिजे. हे आम्ही त्यांस सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हासचीच गोष्ट. जे गेले त्याचे श्रेय, आले त्याचे नव्हे." वकिलास पुढचे सांगावे लागत नाही.

तरी एक गोष्ट सांगावी लागली. पीठ भिजवून तव्यावर घातले की कणांची ती घट्ट बांधणी सुटते, आणि ज्या गुणासाठी पैसे मोजले तो बहुतांशी वाफेबरोबर जातो. तेव्हापासून ते एक पोळी कमी खातात आणि एक चमचा पीठ न शिजविता ताकात कालवून घेतात. पहिला आठवडा पोटात वारा धरला, तो आता बसला आहे. औषधे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू आहेतच. परवा भेटले तेव्हा त्यांस ती पहिली मेजवानी आठवली.

"मग त्या दिवशी आपण खाल्ले ते काय होते हो?"

"धिरडी," आम्ही म्हणालो. "चांगली झाली होती."